कारगिल १९९९: विमानांना नियंत्रण रेषा ओलांडू द्यायला हवी होती का?

पायवाट: रेषा ओलांडायची नाही हा दंडक जगापुढे शोभून दिसला, पण त्याची किंमत पायदळाने मोजली. ५२७ जवान गेले. द्रासच्या पलीकडे, पाकच्या ताब्यातल्या गुलतरीच्या खोऱ्यातून घुसखोरांना रसद यायची. तीच तोडली असती तर तोलोलिंग शिखराला समोरून भिडावं लागलं नसतं.

तोफखाना: तोलोलिंगचं खापर रेषेवर फोडू नका. १८ ग्रेनेडिअर्स या बटालियनला मे महिन्यात काश्मीर खोऱ्यातून उचलून जवळजवळ थेट वर चढवलं. विरळ हवेची सवय व्हायला ९ हजार फुटांवर ६ दिवस, १२ हजारांवर ४ आणि १५ हजारांवर आणखी ४ दिवस लागतात. एवढा वेळ दिला कोणी? तोफाही तुटपुंज्या होत्या. तेच शिखर १३ जूनला २ राजपुताना रायफल्सने घेतलं. रेषा होती तिथेच होती, फरक पडला बोफोर्समुळे. १५५ मिमीची तोफ समोरच्या दगडी मोर्चावर (बंकरवर) थेट नेम धरून डागायची, ही काही पुस्तकी पद्धत नव्हे. शिवाय विरळ हवेत गोळा तोफेच्या माऱ्याच्या तक्त्यात दिलेल्या अंतरापेक्षा लांब जातो. सुरीच्या धारेसारख्या कड्यावर ५० मीटर चुकला की पलीकडच्या दरीत, शत्रूला ओरखडाही नाही.

पायवाट: बोफोर्सचं मान्य. पण बटालिकमध्ये मुंथो ढालोचा रसद तळ मिराज विमानांनी १७ जूनला उडवला, त्याचं काय? रसदीवर घाव घातला की काम होतं, हेच तर म्हणतोय.

नकाशेवाला: मुंथो ढालो रेषेच्या अलीकडे होतं हो! उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. आणि तारखा बघा. हवाई हल्ले २६ मेला सुरू झाले. २७ला स्क्वाड्रन लीडर अजय अहुजांचं मिग-२१ विमान पाडलं, २८ला एमआय-१७ हेलिकॉप्टर, दोन्ही खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टरं मागे घेतली आणि विमानं उंचावर गेली. तिथून साधा बॉम्ब छोट्या मोर्चावर बसत नाही. मिराजचा लेझरने नेम धरणारा बॉम्ब टायगर हिलवर पडला २४ जूनला. मे महिन्यात गुलतरीवर काय टाकणार होता?

पायवाट: बरं, २४ जूननंतर तरी?

तोफखाना: तेव्हा पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ अडचणीत आले होते. ४ जुलैला टायगर हिल पडलं आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये त्यांनी माघार कबूल केली. भारताने रेषा ओलांडली असती, तर अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटननी दोघांनाही एकाच मापाने मोजलं असतं.

पायवाट: कबूल केली ४ जुलैला. पॉइंट ४८७५ या शिखरावर कॅप्टन विक्रम बत्रा पडले ७ जुलैला.