शेजारच्या सीएनजी पंपाचं मदर स्टेशन होतंय. हरकत कशावर आणि कुठे घ्यावी?

पूर्वेची_बाल्कनी

वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेल्या सीएनजी पंपावर आता दोन मोठे कॉम्प्रेसर बसणार आहेत, दोन्ही गॅस इंजिनावर चालणारे. इथे कॅस्केडच्या (एकत्र जोडलेल्या गॅस सिलिंडरांच्या) गाड्या भरून त्या बाकीच्या पंपांना जाणार, म्हणजे काम चोवीस तास. कॉम्प्रेसरच्या चौथऱ्यापासून आमच्या सात मजली इमारतीची भिंत २८ मीटरवर. चौथरे ओतून झालेत, यंत्रं अजून आलेली नाहीत.

कंपनी म्हणते, सुरक्षा अंतर नियमापेक्षा जास्त आहे आणि नैसर्गिक वायू स्वच्छ इंधन आहे. सोसायटीच्या सभेत "स्फोट झाला तर?" एवढाच मुद्दा धरून पत्र लिहायचं चाललंय. तो टिकेल का? जनसुनावणी मागता येईल का? आणि यंत्रं येण्याआधी काय करून ठेवावं?

वायुवाहिनी

स्फोटाच्या मुद्द्यावर पत्र लिहिलंत तर पहिल्याच उत्तरात हराल. पेसोचा (केंद्राच्या स्फोटकं-पेट्रोलियम सुरक्षा संस्थेचा) परवाना आणि ओआयएसडी १७९ या तेल-वायू उद्योगाच्या सुरक्षा मानकातली अंतरं आगीच्या हिशेबाने ठरतात. ती कॅस्केडच्या पाण्याच्या धारणशक्तीवर, म्हणजे लिटरवर अवलंबून असतात आणि २८ मीटरच्या मानाने फारच थोडी असतात. कंपनी मंजूर नकाशा पुढे करेल आणि विषय संपेल. त्या अंतरांत आवाज आणि धूर धरलेलाच नाही. बोलायचं ते त्याबद्दल.

यंत्रातून बाहेर काय पडतं ते बघा.

एक, इंजिनाचा धूर. गॅस जळताना काजळी जवळपास नसते, म्हणून "स्वच्छ". पण नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, आणि अर्धवट जळालेल्या मिथेनमुळे फॉर्मल्डिहाइड असतं. धुरांड्याचं तोंड तुमच्या कितव्या मजल्याच्या समोर येतं ते पहिल्यांदा मोजा. जनित्रांच्या धुरांड्याच्या उंचीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं (जनित्राच्या क्षमतेचं) वर्गमूळ. ५०० केव्हीएला ते छताच्या वर जेमतेम साडेचार मीटर होतं. कॉम्प्रेसरच्या इंजिनालाही बऱ्याचदा हेच लावतात. यातली गोम अशी की "इमारत" म्हणजे ज्या शेडमध्ये यंत्र आहे ती, शेजारची सात मजली नव्हे. चार मीटरची शेड धरली तर धूर तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर सुटतो.

दोन, न जळालेला वायू. कॉम्प्रेसर थांबला की पुढच्या वेळी तो बिनओझ्याने सुरू व्हावा म्हणून टप्प्यांमधला दाब सोडतात, याला ब्लोडाऊन म्हणतात. चांगल्या यंत्रात तो गॅस ब्लोडाऊन टाकीत जाऊन परत सक्शनला (यंत्राच्या आत घेण्याच्या बाजूला) येतो, स्वस्तात केलेल्या कामात थेट व्हेंटमधून वर जातो. शिवाय पिस्टन रॉडचं पॅकिंग झिजलं की तिथून सतत गळती सुरू होते. मर्कॅप्टनचा (गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेल्या द्रव्याचा) वास रोज ठरावीक वेळी येत असेल तर ब्लोडाऊन समजा. दिवसभर मंद येत असेल तर पॅकिंग किंवा नीट बंद न होणारा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप). वासाच्या वेळा लिहून ठेवा, दोषाचं ठिकाण त्यावरूनच कळतं.

मिथेन मोजून घेण्यावर मात्र पैसे घालवू नका. २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत मिथेन नाही, फॉर्मल्डिहाइडही नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आहे: २४ तासांना ८० आणि वार्षिक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. तोच मोजा.

डेसिबल_काका

खरं हत्यार आवाज आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल.

हिशेब असा. समजा यंत्राच्या पत्रकात एक मीटरवर ७५ डेसिबल लिहिलंय. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे २८ मीटरवर साधारण २९ कमी, राहिले ४६. दोन यंत्रं एकदम चालली की ३ वाढतात: ४९. रात्रीची मर्यादा कागदावरच मोडली. त्यात कूलरचा पंखा आणि गाड्यांची डिझेल इंजिनं धरलेली नाहीत. कॉम्प्रेसरचं खोकं चांगलं मोठं असतं, त्यामुळे पहिल्या काही मीटरांत आवाज या हिशेबाइतका उतरत नाही. समोरासमोर दोन भिंती असतील तर परावर्तन वेगळं.

आत्ताच, यंत्रं येण्याआधी, रात्रीची पायाभूत मोजणी करून घ्या. नंतर "हा आवाज रस्त्याचाच आहे" असं म्हणतील आणि तुमच्याकडे खोडायला काही नसेल. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, कॅलिब्रेट केलेलं वर्ग १ चं मीटर, खिडकीबाहेर भिंतीपासून दीड मीटर, पाऊस-वारा नसताना, रात्री तासाभराचा लेक्यू (त्या वेळातली सरासरी ध्वनिपातळी). मोबाइलमधलं अॅप नोंदवहीपुरतं ठीक, पुरावा म्हणून शून्य.

ए-भारित आकड्याबरोबर (यात खालच्या पट्टीतला आवाज कमी धरतात) सी-भारितही (यात तो जवळपास पूर्ण धरतात) घ्यायला सांगा. कायदा ए-भारितच बघतो, पण इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते. सी मधून ए वजा करून १५-२० च्या वर फरक आला तर खिडक्यांच्या काचा का वाजतात ते कळतं, आणि साध्या पत्र्याच्या भिंतीने तो आवाज अडणार नाही हेही दाखवता येतं.

कलम_एकवीस

जनसुनावणी मिळणार नाही. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत शहरी सीएनजी स्टेशन येतच नाही. त्यावर शक्ती घालवू नका.

कागद तीन ठिकाणचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा कायद्याच्या कलम २१ खालची संमती, पेसोचा मंजूर नकाशा, आणि महापालिकेचा झोन दाखला व बांधकाम परवानगी. संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. बाकीसाठी माहिती अधिकार. राज्याच्या कार्यालयांत अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, म्हणून मंडळाला वेगळा, पालिकेला वेगळा. पेसो केंद्राचं आहे, तिथे केंद्राचे नियम.

संमतीपत्रात दोन गोष्टी शोधा. पहिली, त्यात कॉम्प्रेसर किती आणि इंजिनं किती अश्वशक्तीची लिहिली आहेत. जुनी संमती किरकोळ विक्रीच्या पंपाची असेल तर विस्तारासाठी नवी लागते. चौथरे ओतले म्हणून ती मिळाली असं होत नाही. दुसरी, आवाजाची छापील अट. बऱ्याच संमतीपत्रांत "दिवसा ७५, रात्री ७०" अशी ओळ असते. ते औद्योगिक क्षेत्राचं मानक आहे. झोन दाखल्यावर "निवासी" असेल तर ही ओळ बदलून ५५/४५ करून मागा. हे एकच पान स्फोटाच्या दहा पत्रांवर भारी.

आणखी एक अडचण: ध्वनी नियमांच्या नियम ७ खाली तक्रार करायला आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त लागतो. वरच्या हिशेबातले ४९ तिथे पुरत नाहीत. पण संमतीत ४५ ची अट असेल तर ४९ हा थेट अटभंग. म्हणून अट आधी दुरुस्त करून घ्या, मोजणीचं भांडण नंतर.

मुदती सांभाळा. संमतीविरुद्ध हवा कायद्याच्या कलम ३१ खाली अपील ३० दिवसांत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे त्यांच्या कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज सहा महिन्यांत, फार तर आणखी ६० दिवस. नुकसानभरपाई मागितली नाही तर शुल्क १००० रुपये. झोनचा वाद मात्र तिथे नेऊ नका. नगररचना कायदा त्यांच्या अनुसूचीत नाही, तो पालिकेकडे आणि मग उच्च न्यायालयात.

पूर्वेची_बाल्कनी

फार उपयोगी. प्रकल्पच हलवा म्हणण्याऐवजी इंजिनाऐवजी विजेची मोटर मागितली तर?

वायुवाहिनी

तीच मागणी सगळ्यात वर घाला. धूर जातो, आवाज उतरतो, कंपनीचा धंदाही थांबत नाही. तिची अडचण एवढीच की उच्चदाब वीजजोडणी, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि त्यासाठी जागा लागते. "वीज जाते" हे कारण देतील. त्यावर, जोडणीसाठी अर्ज केला होता का, याची प्रत मागा.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेमथला रहिवासी याच मुद्द्यावर लढले. ७,७०० अश्वशक्तीचं कॉम्प्रेसर स्टेशन, फेडरल ऊर्जा नियामक आयोगाची मंजुरी जानेवारी २०१७ ची. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की हवेचा परवाना देताना राज्याने मोटरचा पर्याय स्वतःच्या पद्धतीप्रमाणे तपासलाच नाही. निकाल बाजूने, पण काम थांबलं नाही. त्याच सप्टेंबरात ११ आणि ३० तारखेला दोनदा आपत्कालीन बंद होऊन गॅस हवेत सुटला. पहिल्या वेळी कारण होतं एक गॅस्केट. जानेवारी २०२१ मध्ये स्टेशन चालू झालं. वर्षभराने त्याच फेडरल आयोगातून "इथे मंजुरी द्यायला नको होती" असा सूर निघाला, पण दिलेली मंजुरी काढून घेता आली नाही.

तुमची यंत्रं अजून आलेली नाहीत. मोटरखेरीज ब्लोडाऊन टाकी, रात्री ११ नंतर गाड्या भरणं बंद, धुरांडं तुमच्या गच्चीच्या वर आणि दर सहा महिन्यांनी गळती तपासणीचा अहवाल, हे सगळं संमतीच्या अटींत लिहून मागा. कंपनीच्या आश्वासनपत्रावर सही घेऊन परत येऊ नका.

डेसिबल_काका

गाड्यांच्या रिव्हर्स हॉर्नचं पण टाका त्यात. मध्यरात्री कॉम्प्रेसरपेक्षा तोच जास्त उठवतो.