‘फोटो काढा’ आणि ‘फोटो काढा’: बटणावर लिहायचं काय?

कळफलक

अंधेरीला एका कंपनीत फोटोंच्या ॲपचं काम करतो. मराठी आवृत्ती याच महिन्यात बाहेर जायची आहे आणि एका क्रियापदावर घोडं अडलंय.

प्रोफाइलच्या पानावर गोलात आपला फोटो असतो. त्यावर बोट टेकवलं की खालून यादी वर सरकते. इंग्रजीत त्यातल्या दोन ओळी ‘टेक फोटो’ आणि ‘रिमूव्ह फोटो’ अशा आहेत. मराठीत दोन्ही जागी ‘फोटो काढा’ आलंय, अक्षर न् अक्षर तेच. भाषांतर करणाऱ्यांकडे सुट्ट्या वाक्यांची एक्सेल जाते. कुठलं वाक्य कुठल्या पानावर, कुठल्या चिन्हाशेजारी बसणार हे त्यात नसतं. एकेकटं वाचलं तर दोन्ही भाषांतरं बिनचूक आहेत, पंचाईत तीच आहे. आमच्या टेस्टरने फोन घरी नेऊन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना नवा फोटो काढायचा होता. कॅमेरा उघडलाच नाही, होता तो फोटो मात्र गेला.

‘काढून टाका’ केलं तर गॅलरीतल्या खालच्या पट्टीत मावत नाही, अरुंद फोनवर ‘काढून’ एवढंच उरतं. ‘हटवा’ला टीममध्ये विरोध आहे, हिंदी म्हणून. ‘पुसा’, ‘खोडा’, की सरळ ‘डिलीट करा’? की पहिल्या ओळीतलं ‘काढा’च बदलून ‘घ्या’ करू?

गिरगावकर

पहिल्या ओळीला कृपा करून हात लावू नका. चित्र काढतात, रांगोळी काढतात, मोत्यासारखं अक्षर काढतात. तसबीरही काढतच असत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळात होते. म्हणजे कॅमेरा या शहरात दीडशेहून जास्त वर्षं नांदतोय आणि ‘काढणे’ हे क्रियापद त्याच्याही आधीपासून चित्राशी जोडलेलं आहे. ‘फोटो घ्या’ हे इंग्रजी ‘टेक’चं भाषांतर आहे. मराठीत फोटो घेतात तो स्टुडिओच्या काउंटरवर पैसे देऊन.

माहीमची

गिरगावकर काका, ‘घ्या’बद्दल असहमत. लग्नात स्टेजवर आमची आत्या फोटोग्राफरला ‘आमच्या सगळ्यांचा एक घ्या हो’ असंच सांगायची, आणि तिला इंग्रजीचा गंधही नव्हता. ‘छबी घेणे’ही ऐकलंय. सगळं इंग्रजीच्या माथी मारायची घाई नको.

मूळ प्रश्नाबद्दल: ‘काढणे’ संदर्भाशिवाय उभंच राहत नाही. ‘मुलीने नाव काढलं’ म्हणजे घराण्याची कीर्ती वाढवली. ‘यादीतून नाव काढलं’ म्हणजे वगळलं. ‘त्याचं नाव काढू नकोस’ म्हणजे उच्चारूही नकोस. शब्द तेच दोन. कपाटातून कपडे काढतो आणि अंगातले कपडेही काढतो. बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही, कारण समोर कपाट असतं किंवा माणूस असतो. बटणासमोर काहीच नसतं. तेव्हा शब्द बदलण्याआधी त्या एक्सेलमध्ये प्रत्येक वाक्यासमोर पानाचं चित्र टाका. हा भाषांतराचा नाही, तुमच्या कामाच्या पद्धतीचा प्रश्न आहे.

निर्भेळ

बरोबर. पण ‘हटवा’ नको म्हणजे नको. हे ‘हटाओ’चं मराठी रूपडं आहे. मोबाइल कंपन्यांनी हिंदीवरून उचललं आणि आता प्रत्येक फोनवर तेच दिसतं. मराठीत ‘वगळा’ हा शब्द आहे. मराठी विकिपीडियावर पान डिलीट करायला ‘वगळा’च असतं. चार अक्षरं वाचवण्यासाठी उसनवारी कशाला?

डोंबिवलीफास्ट

‘मागे हटणार नाही’ हे हिंदी आहे का? हटणे मराठीच, त्याचं प्रयोजक हटवणे, त्यात गैर काय? दोन भाषांत एक धातू असला की तो त्यांचाच, आपला नाही, असं कसं?

शिवाय ‘वगळा’चा अर्थ वेगळा. परीक्षेला एखादा धडा वगळतात म्हणजे मुळात घेतच नाहीत. जे आहे ते घालवायला वगळणे म्हणत नाहीत.

आणि माझी मुलं तर ‘फोटो खेच’ म्हणतात. त्याचंही सांगा.

निर्भेळ

‘यादीतून वगळलं’ म्हणतो तेव्हा नाव आधी यादीत असतंच की. ‘खेच’ सरळसरळ ‘फोटो खींचो’वरून. शाळेच्या बसमध्ये हिंदी, इमारतीत हिंदी, मग घरात हेच येणार. घरी टोकलं तर मुलं सुधारतात, माझा अनुभव आहे.

व्युत्पत्तिवेडा

इथे थोडं थांबा. ‘काढणे’ हे प्राकृत ‘कड्ढइ’वरून येतं आणि त्याचा अर्थच मुळी ओढणे, खेचणे. संस्कृतातल्या कृष् धातूच्या जागी प्राकृतात हे रूप वापरलं जाई. म्हणजे हिंदीवाला फोटो ‘खींचतो’ आणि आपण ‘काढतो’, यात मुळाशी दोघंही ओढतच आहेत. विहिरीचं पाणी काढणे यात तो जुना अर्थ अजून ताजा आहे. हिंदीत ‘काढना’ आता बहुतेक भरतकामापुरतं उरलं, आपल्याकडे ते सगळीकडे पसरलं: तिकीट, कर्ज, दिवस, झोप, वाट, खोड, दृष्ट, वरात.

औषधी ‘काढा’सुद्धा यातलाच. वनस्पतीतून काढलेला अर्क तो काढा.

माहीमची

बाकी सगळं मान्य, काढा नाही. काढा हा ‘क्वाथ’वरून. कढ येणे, कढवणे, कढी ही सगळी त्याच घरातली. उकळणे हा त्याचा अर्थ. ओढण्याशी त्याचा संबंध नाही.

व्युत्पत्तिवेडा

क्वाथ ठाऊक आहे. पण बोलणाऱ्याच्या मनात ‘काढलेला’ हा अर्थ असतो की नाही? लोकांनी दोन शब्द एकत्र आणले असतील तर तेही भाषेचंच काम आहे.

माहीमची

मनात काय असतं ते व्युत्पत्ती नव्हे. कढ कुठून आला हे विचारलंत तर उत्तर एकच आहे.

घाटकोपर पूर्व

आमच्या मजल्यावर निम्मी घरं गुजराती. ते ‘फोटो पाडवो’ म्हणतात, फोटो पाडतात! लहानपणी मला वाटायचं फ्रेम खाली पाडली की काय. पण आपणही नाणी पाडतो, छाप पाडतो. कागदावर ठसा उमटतो या अर्थाने तो शब्द मला ‘काढणे’पेक्षाही नेमका वाटतो.

बोराबझार

मी बरीच वर्षं कॅमेरे आणि मेमरी कार्डांच्या दुरुस्तीत आहे, म्हणून एवढंच सांगतो: ‘पुसा’ लिहू नका. तो शब्द खोटा आहे.

कार्डावरचा फोटो डिलीट केला की काहीही पुसलं जात नाही. फाइलींची नोंद फॅट३२ पद्धतीने ठेवणाऱ्या कार्डात फाइलच्या नावाचा पहिला बाइट, म्हणजे पहिलं अक्षर, बदलून तिथे ई५ ही खूण बसते आणि फाइलने अडवलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत खूण वेगळी, तत्त्व तेच. फोटो जिथल्या तिथे असतो. त्या जागेवर पुढचा फोटो लिहिला गेला की मग जुना खरोखर जातो. फळा पुसला की अक्षर जातं, इथे फक्त अनुक्रमणिकेतली ओळ जाते. ‘पुसा’ वाचून माणूस आशा सोडतो, त्याच कार्डावर पुढे फोटो काढत राहतो आणि वाचवता आले असते ते फोटो स्वतःच्या हाताने घालवतो. अशी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना ‘आता नाही मिळणार’ सांगणं या धंद्यातलं सगळ्यात वाईट काम आहे.

म्हणून माझं मत ‘काढून टाका’ला. नजरेसमोरून काढलं, एवढंच ते म्हणतं आणि तेवढंच खरं असतं.

पार्लेकर

बोराबझार, विषयाला सोडून विचारतो, राग मानू नका. भाच्याच्या मुंजीचे फोटो असलेलं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट झालं. मिळतील का?

बोराबझार

त्यानंतर त्यावर काही काढलं नसेल तर बहुतेक मिळतील. कार्ड आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. मोठ्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला बारीक खटका असतो, तो ‘लॉक’च्या बाजूला सरकवा. रीडरने कॉम्प्युटरला जोडा, आणि सगळ्यात आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. जे काय प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर. फोटो परत मिळवणारी सॉफ्टवेअरं नावं बघतच नाहीत. जेपेग फोटो एफएफ डी८ या बाइटांनी सुरू होतो आणि एफएफ डी९ ने संपतो, ती सॉफ्टवेअरं त्या खुणा शोधत जातात. फाइलींची नावं मिळणार नाहीत, फोटो मिळतील. मिळालेले फोटो चुकूनही त्याच कार्डावर साठवू नका.

फोनच्या आतल्या साठ्याचं गणित वेगळं. तिथे मोकळी झालेली जागा फोन स्वतःच साफ करून टाकतो, वर सगळं एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतं. तिथे ट्रॅशमध्ये असेपर्यंतच आशा.

पार्लेकर

खटका सरकवला. संध्याकाळी बसतो. फार आभार.

कळफलक

हे सगळं फार कामाचं आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. प्रोफाइलवरून फोटो ‘रिमूव्ह’ केला तरी तो गॅलरीत राहतो. गॅलरीतून ‘डिलीट’ केला की ट्रॅशमध्ये जातो, आणि तिथूनही काढला की गेलाच. म्हणजे मला एक नाही, तीन शब्द हवेत, आणि प्रत्येक पुढचा शब्द आधीच्यापेक्षा गंभीर वाटला पाहिजे.

डोंबिवलीफास्ट

मग सोपं आहे. पहिल्याला ‘काढून टाका’, दुसऱ्याला ‘हटवा’, तिसऱ्याला ‘कायमचं हटवा’.

निर्भेळ

पहिल्याला ‘काढून टाका’, दुसऱ्याला ‘वगळा’, तिसऱ्याला ‘नष्ट करा’. नष्ट हा शब्द वाचून बोट आपोआप थबकतं, तुम्हाला तेच हवं आहे ना?

नवी मुंबई ७०६

लोक प्रत्यक्षात काय बोलतात ते कुणी लिहिलंच नाही. ‘तो फोटो उडव.’ ‘चुकून नंबर उडाला.’ ‘व्हॉट्सॲपवरचे सगळे व्हिडिओ उडवून टाक, जागा नाही.’ माझी आई, माझा वॉचमन, माझा बॉस, तिघंही ‘उडव’ म्हणतात. अस्सल मराठी, तीन अक्षरं, कुठल्याही बटणात मावेल.

गिरगावकर

बोलीत छान आहे. पण बँकेच्या ॲपवर ‘खातेदार उडवा’ असं वाचायची माझी तयारी नाही.

माहीमची

इथे बँक नाही, फोटो आहेत. मला ‘उडवा’ आवडलं. बोलीतला शब्द पडद्यावर आला की लगेच उथळ ठरवायचा आणि पडद्यावरचा शब्द तोंडात बसत नाही म्हणून हळहळायचं, हे आपण किती दिवस करणार? ‘रोल धुवायला टाकलाय’ हा शब्द असाच लोकांनी घडवला. कुठल्या समितीने नाही. क्लिक थ्री कॅमेऱ्याचा बारा फोटोंचा रोल संपला की बाबा कोपऱ्यावरच्या स्टुडिओत तो ‘धुवायला’ देत, आणि आम्हाला ते ऐकून कधी परिटाची आठवण झाली नाही.

बोराबझार

‘धुणे’ला माझा आक्षेप आहे, म्हणून मध्ये येतो. धुणं ही शेवटची पायरी. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश आणि वेळ सव्वातीन मिनिटं, त्यात चित्र तयार होतं. पुढे ब्लीच, फिक्सर, मग पाण्याचं धुणं. पाण्याने चित्र दिसत नाही, उरलेली रसायनं जातात. जिथे चित्र घडतं त्या पायरीचं नाव सोडून आपण बादलीचं नाव घेतलं.

माहीमची

स्टुडिओबाहेरच्या माणसाला ओल्या, टांगून वाळत घातलेल्या पट्ट्याच दिसायच्या. जे दिसलं त्यावरून नाव पडलं. यात चूक कसली?

व्युत्पत्तिवेडा

डेव्हलपरचं मराठी काय मग? रसायनाचं विचारतोय. ‘विकासक’ असं वाचलंय.

घाटकोपर पूर्व

मुंबईत विकासक म्हणजे बिल्डर. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत तो शब्द इतक्यांदा कानावर पडतो की दुसरा अर्थ मनात यायला जागाच नाही. मागे एका ॲपच्या माहितीत ‘विकासकाशी संपर्क साधा’ वाचून शेजारच्या आजोबांनी खरंच विचारलं होतं, हा कुठली इमारत बांधतोय?

कळफलक

आमच्याही ॲपच्या माहितीच्या पानावर ‘विकासक’च आहे. त्याला काय म्हणू? ‘डेव्हलपर’ ठेवलं तर चालेल?

निर्भेळ

आज्ञावली म्हणजे प्रोग्राम हा शब्द आता रुळतोय. त्यावरून ‘आज्ञावलीकार’. रसायनाला हवं तर विकासक ठेवा, आणि बिल्डरला बिल्डरच म्हणा, तो इंग्रजीच बरा.

नवी मुंबई ७०६

आज्ञावलीकार हा शब्द मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा अडखळलो. प्रोग्रामर म्हणा. माझ्या ऑफिसात शंभर टक्के मराठी माणूसही स्वतःला तेच म्हणतो.

गिरगावकर

विकासकाला पर्याय ‘प्रवर्तक’. महारेराच्या, म्हणजे घरबांधणीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, मराठी कागदांत बांधकामवाल्याला प्रवर्तकही म्हटलेलं असतं. तेव्हा बांधकामवाल्यांनी विकासक हा शब्द सोडावा, तो तुम्हा संगणकवाल्यांसाठी मोकळा होईल.

घाटकोपर पूर्व

गिरगावकर, कागदावर असेल. सभेत कुणीही ‘प्रवर्तक’ म्हणत नाही. आमच्या करारनाम्याच्या मसुद्यात पहिल्याच पानावर ‘विकासक’ आहे, वाटल्यास ते पान इथे टाकतो.

व्युत्पत्तिवेडा

टाका. त्यात ‘पुनर्विकास’ कसं लिहिलंय तेही बघायचं आहे. रफार कुठल्या अक्षरावर दिलाय यावर माझा दुसऱ्या एका धाग्यावर वाद चालू आहे.