मदत हवी आहे: क्राकोव – गुडघे दुखणारी आई, बॅटरीची गाडी आणि खाजगी गाइड

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं बर्लिनहून रेल्वेने क्राकोवला जातोय. मी, नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि कोल्हापूरहून आलेली माझी आई. आईचं वय ७६. डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख, पण गुडघ्यांनी संप पुकारलाय. सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालते, मग टेकायला जागा लागते. जिना दिसला की "तुम्ही जाऊन या, मी इथंच बसते" सुरू. या वेळी मला ते ऐकायचं नाहीये, कारण पोलंडचा हट्ट तिचाच आहे. तिचं माहेर वळिवडे. महायुद्धाच्या काळात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि आजोबा तिथं दूध घालायचे. आईचा जन्म छावणी उठल्यानंतरचा, पण त्या पोलिश बायकांच्या गोष्टी ऐकतच ती वाढली.

तर क्राकोवात बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्या असतात, गोल्फच्या मैदानावर असतात तसल्या. तिथं त्यांना सरसकट मेलेक्स म्हणतात म्हणे. काहींत रेकॉर्ड केलेली माहिती स्पीकरवर लावतात, काहींत चालवणाराच गाइड असतो. काही खाजगी, म्हणजे गाडीत फक्त आपण. खाजगीचे पैसे अर्थात जास्त.

पैसे टाकावेत का? दगडी रस्त्यांवर ही गाडी गुडघ्यांना, पाठीला झेपते का? किती तासांची घ्यावी? वावेल किल्ल्यावर गाडी जाते का? आणि पैसे भरायच्या आधी गाडीवाल्याला नेमकं काय विचारून घ्यावं?

आईला इंग्रजी येत नाही, मी भाषांतर करणार, हेही लक्षात घ्या. आगाऊ धन्यवाद.

– शेवंती

*

भटकी खिचडी: +१, मलाही हवंय. वाचनखूण साठवून ठेवते.

*

उंबरठा: ताई, नोकरीनिमित्त काही वर्षं क्राकोवात होतो. भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना मेलेक्समध्ये बसवून द्यायचं काम माझ्याकडं असायचं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

खाजगी गाडी घ्याच, पण कशासाठी घेतोय ते डोक्यात पक्कं असू द्या. गाडी तीच असते, रस्ताही तोच. जास्तीचे पैसे असतात ते हवं तिथं थांबता येण्याचे. रेकॉर्डिंगवाल्या फेरीत चर्च आलं की चालक बटण दाबतो, रेकॉर्डिंगमधली बाई स्पीकरवरून बोलते, तिचं संपलं की गाडी पुढं. तुम्ही आईला मराठीत सांगायला तोंड उघडाल तोवर पुढच्या चर्चची सनावळी सुरू झालेली असेल. बोलणारा माणूस असेल तर त्याला "जरा थांबा" म्हणता येतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: वाटेत उतरता येईल का, कुठं कुठं, आणि थांबलेला वेळ ठरलेल्या वेळातच धरणार की वेगळे पैसे? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा.

दुसरा प्रश्न भाड्याचा. दर गाडीचा की माणशी, हे लिहून घ्या. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं गाडीचा समजून होकार दिला आणि उतरताना आकडा माणशी निघाला. सगळा व्यवहार झ्लॉटीत, तिथं युरो चालत नाही.

बहुतेकांचे तीन टप्पे असतात: जुनं शहर, काझिमिएझ (जुनी ज्यू वस्ती) आणि नदीपलीकडचं पोडगुझे, जिथं नाझींनी ज्यूंना कोंडायला घेट्टो केला. तिन्ही मिळून दीड-दोन तासांत उरकतात. तुम्ही तेवढ्यात उरकू नका. अडीच-तीन तास मागा आणि मध्ये चहाला थांबा.

बसण्याचं: मागची ओळ बऱ्याच गाड्यांत उलट्या तोंडाची असते. तिथं मुलाला आणि नवऱ्याला बसवा. आईंना मधल्या ओळीत, पुढं तोंड करून, दांडी हाताशी येईल अशा बाजूला. पायरी फार उंच नसते, पण दांडी धरूनच चढायचं. स्प्रिंगा कडक असतात, काझिमिएझच्या दगडी रस्त्यांवर दणके बसतात. हॉटेलातली उशी सोबत घ्या, लाजू नका. ऑक्टोबरअखेरीस गाडीला बाजूनं पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे लावतात, काही जण ब्लँकेटही देतात. पडद्यामुळे वारा अडतो, पण पाऊस असला की फोटोत नुसते ओघळ येतात.

वावेलवर मेलेक्स जात नाही, पायथ्याशी सोडते. वरची वाट चढाची आणि दगडी. तिथं गाडीचा उपयोग नाही हे धरूनच बेत करा.

*

पुणेरी पाटी: मत विरुद्ध आहे, राग नसावा. जुन्या शहरात मेलेक्स म्हणजे पैसे पाण्यात. बार्बिकन या जुन्या बुरुजापासून फ्लोरियान्स्का रस्ता, मुख्य चौक, ग्रोड्झ्का रस्ता आणि वावेलचा पायथा, हा सगळा राजमार्ग दीडेक किलोमीटरचा आणि पूर्ण सपाट. पोलिश राजे राज्याभिषेकाला याच वाटेनं जायचे. जागोजागी कॅफे, आणि जुनी तटबंदी एकोणिसाव्या शतकात पाडून तिथं प्लांती नावाची बाग केलीय, ती शहराला वेढून चार किलोमीटर जाते. बाकंच बाकं. काकू टप्प्याटप्प्यानं आरामात चालतील. शिवाय जुन्या शहरात गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे बरेचदा चौकाच्या कडेकडेनं फिरवून "तो पाहा चौक" म्हणतात. साधारण दोनशे मीटर बाय दोनशे मीटरचा, १२५७ साली आखलेला चौक. तो कडेनं बघायचा असेल तर बर्लिनमध्ये बसूनही दिसेल.

गाडी घ्यायचीच तर काझिमिएझ आणि पोडगुझेसाठी घ्या. तिथं अंतरं आहेत.

*

उंबरठा: पाटीसाहेबांशी सहमत, चक्क. चौक पायी, बाकीचं गाडीनं. आणि गाडीवाल्याला सांगा की शेवटी चौकाच्या जितकं जवळ सोडता येईल तितकं सोड, बाराच्या आधी. चौकातल्या मारिआत्स्की चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, चार दिशांना चारदा, आणि सूर मध्येच तुटतो. तातारांच्या हल्ल्याचा इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणून, अशी आख्यायिका. वाजवणारे अग्निशमन दलाचे लोक असतात. बाराची तुतारी पोलिश रेडिओवर थेट लागते. वाजवून झालं की वरून हात हलवतात, तुमच्या मुलाला सांगा खालून हात करायला. गाडीत स्पीकर सुरू असताना ही तुतारी ऐकू येत नाही, म्हणून ती पायीच ऐकायची.

चर्चच्या आत वाइट श्टोस या शिल्पकाराची लाकडी वेदी आहे, १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं कोरत होता. आत बसायला बाकं आहेत. काकू तिथून उठणार नाहीत.

*

शेवंती: बापरे, इतकं सविस्तर! दोघांचेही आभार. पाटी, राग कसला, मुद्दा पटला.

आता घेट्टोचं. दहा वर्षांच्या मुलाला तिथं न्यावं का? आणि शिंडलरचा (ज्यू कामगारांना वाचवणारा तो जर्मन उद्योजक) कारखाना आईला जमेल का?

*

साबुदाणा वडा: कारखान्यात २०१० पासून संग्रहालय आहे. उत्तमच आहे, पण दीड-दोन तास उभ्यानं, अरुंद खोल्या, गर्दी. आईंच्या गुडघ्यांसाठी नको म्हणेन. तिकिटंही आधी ऑनलाइन काढलेली बरी, आयत्या वेळी मिळतीलच असं नाही. मेलेक्सवाले "शिंडलर्स फॅक्टरी" असं मोठ्या अक्षरात लिहितात, त्याचा अर्थ फाटकाबाहेर पाच मिनिटं, एवढाच. तिकीट धरलंय की नाही ते विचारून घ्या.

मुलाला घेट्टो चौकात जरूर न्या. तिथं भयानक असं काही दाखवलेलं नाही. मोठ्या चौकात धातूच्या रिकाम्या खुर्च्या मांडल्यात, माणसाच्या खुर्चीपेक्षा मोठ्या, एकमेकींपासून लांब लांब. जिथं आधी तीनेक हजार लोक राहायचे तिथं मार्च १९४१ मध्ये पंधरा हजारांहून जास्त ज्यू कोंबले. याच चौकात गोळा करून त्यांना छावण्यांकडे नेलं, आणि मार्च १९४३ मध्ये घेट्टो रिकामा केला. त्यांचं घरसामान चौकात पडून राहिलं, म्हणून खुर्च्या. माझी मुलगी साधारण तुमच्या मुलाच्याच वयाची होती, तिनं एकच विचारलं, "यावर बसायचं असतं का?" गाइड म्हणाला, बस, ट्रामची वाट बघणारेही बसतात. चौकाच्या कोपऱ्यात गरुडाच्या नावाचं औषधाचं दुकान आहे, तादेउश पान्किएविच नावाच्या पोलिश औषधविक्यानं ते घेट्टोच्या आत चालू ठेवलं आणि लोकांना मदत केली. आता छोटं संग्रहालय आहे, जुन्या बरण्या, ड्रॉवर सगळं हाताळता येतं. मुलं रमतात. तिथं गाडी अर्धा तास थांबवा.

ल्वोव्स्का रस्त्यावर घेट्टोच्या भिंतीचा तुकडा शिल्लक आहे. भिंतीचा वरचा काठ ज्यू थडग्यांच्या दगडांसारखा गोलाकार केलाय. हा गाडीत बसून दिसतो, उतरायची गरज नाही.

*

उंबरठा: शनिवार टाळा, काझिमिएझमधलं रेमू सिनगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि त्याचं कब्रस्तान त्या दिवशी बंद असतं. इतर दिवशी पुरुषांनी डोकं झाकून जायचं.

*

हळदीकुंकू: आई शाकाहारी आहेत का? असल्या तर पिरोगी रुस्किये मागवा, उकडलेल्या करंज्यांसारख्या, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे, स्क्वार्की म्हणतात. मागवतानाच "बेझ स्क्वारेक" म्हणा, नाहीतर ताट समोर आल्यावर रडारड. प्लात्स नोवीवर मशरूमचं झापिएकांका मिळतं, लांबलचक पाव. एकीत दोघींचं भागतं.

तारखाही बघा. तुम्ही १ नोव्हेंबरपर्यंत असाल तर त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी, दुकानं आणि बहुतेक संग्रहालयं बंद. सगळं पोलंड फुलं आणि मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या कबरींवर जातं. संध्याकाळी राकोवित्स्की कब्रस्तान दिव्यांनी नुसतं भरलेलं असतं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो. दुपारी तीनची फेरी घेतली तर अर्धं शहर अंधारात.

*

रंकाळ्याची भेळ: ताई, मी पण कोल्हापूरचाच. वळिवडे वाचलं आणि थांबलोच. आमचे आबा पण सांगायचे, त्या पोरी सायकलवरनं गावात यायच्या म्हणून.

एक सांगतो, आईंना आधीच सांगून ठेवा. आपल्याकडं आलेली ती माणसं बहुतेक क्राकोवची नव्हती. पोलंडच्या पूर्वेकडल्या भागातली होती. सोविएत फौजांनी १९४० च्या सुमाराला त्यांना घरातनं उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडं नेलं, मग सुटका झाल्यावर इराणमार्गे इकडं आली. १९४३ ते १९४८ वळिवड्यात सुमारे पाच हजार जण, बायका आणि पोरंच जास्त. त्यांची शाळा होती, चर्च होतं. युद्धानंतर त्यांची गावं सोविएत हद्दीत गेली, त्यामुळं बरेच परत गेलेच न्हाईत, इंग्लंड आणि कुठं कुठं पांगले. कॅम्पाच्या जागी फाळणीनंतर सिंधी लोक आले, तेच आजचं गांधीनगर.

क्राकोवात वळिवड्याची खूण शोधत बसू नका म्हणून सांगतोय. ती वॉर्सॉला आहे, कोल्हापूर स्मारक. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली, तेव्हा फोटो सगळीकडं आले होते. जमलं तर परतीला वॉर्सॉवरनं या. आणि कोल्हापुरात महावीर गार्डनमध्ये त्यांचा स्तंभ आहे, आईंना माहीत असणारच.

*

शेवंती: रंकाळ्याची भेळ, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. "दोन वेण्या घालायच्या त्या पोरी, आमचे बाबा सांगायचे" इतकं म्हणाली आणि मग वॉर्सॉचं तिकीट किती पडेल ते विचारायला लागली. परतीचा रस्ता बदलतोय.

गाडीचं असं ठरवतेय: खाजगी मेलेक्स, बोलणारा गाइड, सकाळी नऊला हॉटेलपासून. पोडगुझे, मग काझिमिएझ, झापिएकांका, आणि बाराच्या आत चौकाजवळ उतरायचं. चौक पायी, बसत उठत. दोघांना विचारणा केली. एकानं "उतरायला मिळेल, वेळ तुमचा" असं लगेच कळवलं, दुसऱ्यानं किमतीचा तक्ता पाठवला आणि प्रश्नाला उत्तरच नाही. पहिल्याला हो म्हणतेय.

शेवटचा प्रश्न: वावेल. मुलाला ड्रॅगन बघायचाय. आई चढणार नाही. दोन गट करावेत का?

*

उंबरठा: गरज नाही. ड्रॅगनचा पुतळा वर नाही, टेकडीच्या पायथ्याशी नदीकाठी आहे आणि दर काही मिनिटांनी खराखुरा जाळ ओकतो. शेजारी बाकं आहेत. गुहेत जायला मात्र लांबलचक जिना उतरावा लागतो आणि हिवाळ्यात ती बंद असते. गोष्ट आधी सांगून ठेवा: चांभारानं मेंढीच्या कातड्यात गंधक भरून ड्रॅगनला खाऊ घातलं, त्यानं तहानेनं व्हिस्तुला नदी पिऊन टाकली आणि फुटला.

आईंना वर जायचंच असेल तर हळूहळू, थांबत. वरचा कॅथेड्रल सोडवत नाही. पोलिश राजांचे राज्याभिषेक तिथं झाले आणि तिथंच ते पुरलेत. दाराशी साखळीनं टांगलेली प्रचंड हाडं आहेत, ड्रॅगनची म्हणून सांगतात, तीही मुलाला दाखवा. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात. घंटेचा मनोरा आईंसाठी नको, लाकडी जिना अगदी अरुंद आहे.

*

पुणेरी पाटी: आणि उशी विसरू नका.