व्हायोलिन: आठवी ग्रेड झाली, आता मुंबईत फ्रीलान्स काम कसं सुरू करायचं?

डोंबिवलीचे_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी टी.वाय.ला आहे. वेस्टर्न व्हायोलिनची ट्रिनिटीची (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची परीक्षा) आठवी, म्हणजे शेवटची ग्रेड झाली, रोज तीन तास रियाज करते. तिला रेकॉर्डिंगमध्ये आणि ऑर्केस्ट्रात वाजवायचंय. आता डिप्लोमा करावा की कामाला लागावं? स्टुडिओत नेमकं काय यावं लागतं? आमच्या घरात या क्षेत्रातलं कुणीच नाही, त्यामुळे अगदी बारीकसारीक सांगितलंत तरी हवंच आहे.

सेकंड_डेस्क
डिप्लोमा जरूर करा. एटीसीएल, एलटीसीएल (ट्रिनिटीचे ग्रेडनंतरचे डिप्लोमा) असेल तर शिकवण्या चांगल्या मिळतात आणि सुरुवातीची काही वर्षं घर त्यावरच चालतं. स्टुडिओत मात्र सर्टिफिकेट कुणी विचारत नाही.

ग्रेडसाठी तीन पीसेस महिनोन्‌महिने घोटतात. स्टुडिओत नोटेशनचा कागद समोर येतो, एकदा-दोनदा वाजवून बघायचं की लगेच टेक, म्हणजे रेकॉर्डिंग. म्हणून साइट रीडिंग, म्हणजे नवीन पान बघताक्षणी वाजवणं, हा आता मुख्य विषय समजा. रोज २० मिनिटं, कधीही न पाहिलेलं पान, मेट्रोनोम लावून, चुकलं तरी न थांबता. चूक झाली की थांबून दुरुस्त करायची सवय बहुतेक विद्यार्थ्यांना असते आणि सेक्शनमध्ये (एकत्र वाजवणाऱ्या गटात) तीच नडते. थांबलेला माणूस परत शिरताना चुकीच्या बारमध्ये (तालाच्या खंडात) शिरतो आणि सगळ्यांचा टेक जातो. हाइडन-मोझार्टच्या क्वार्टेटचे (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशा चौघांच्या रचनांचे) सेकंड व्हायोलिनचे पार्ट आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर फुकट आहेत, ते वाचायला लावा. फर्स्टपेक्षा सेकंडचा पार्ट वाचनाला जास्त चांगला, कारण त्यात चाल ओळखीची नसते, अंदाजाने वाजवता येत नाही.

दुसरं, स्केल्स. आपल्याकडे गाणं गायकाच्या पट्टीत बसवतात. काळी एक म्हणजे व्हायोलिनवर डी फ्लॅट मेजर, पाच फ्लॅट. त्यात जी, डी, ए, ई यांपैकी एकही मोकळी तार येत नाही. मोकळ्या तारेशी सूर ताडून बघायची सोयच नाही, त्यामुळे जी आणि डी मेजरमध्ये पक्की असलेली मुलंही तिथे बेसूर होतात. काळी चारला ए फ्लॅट मेजर, त्यात फक्त जी मोकळी सापडते. या दोन्ही स्केल्स तीन ऑक्टेव्ह, तानपुरा ॲपवर तोच सा लावून, आधी अगदी संथ. कुठल्याही नवीन पीसपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक असते. उजवा कान झाकायचा, डावा मोकळा, म्हणजे स्वतःचं वाद्य ऐकू येतं. पण हेडफोनचा डावा, रिकामा कप हवेत लोंबकळू द्यायचा नाही, कानामागे डोक्याला घट्ट टेकवायचा. नाहीतर क्लिक माइकमध्ये जाते आणि हळुवार जागी टिकटिक ऐकू येते.

सहा-आठ जणांना बसवून तेच तीन-चार वेळा वाजवून घेतात, म्हणजे सेक्शन मोठा वाटतो. असा प्रत्येक थर (लेयर) वाजवताना जागा बदलायला सांगतात, शक्य असेल तर वाद्यही, कारण तोच माणूस त्याच जागेवरून वाजवत राहिला की आवाज जाड होण्याऐवजी पोकळ होतो. यात स्वतःचा टोन उठून दिसला तर तो दोष धरतात. व्हायब्रॅटो (बोटाने सूर हलवणं) कमी, लीडरएवढाच बो (गज), त्याच भागात. पेन्सिल आणि खोडरबर कायम जवळ, बोइंग (गज वर की खाली ओढायचा ते) बदललं की लगेच खूण करायची. आवाज दबवायला ब्रिजवर लावायचा रबरी म्यूट विसरू नये.

व्हायोला_हवाय
ऑर्केस्ट्राबद्दल. एनसीपीएची (नरिमन पॉइंटचं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ची. बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२पासून आहे, पहिला अनुभव घ्यायला तिथे चौकशी करा. व्यावसायिक ऑडिशनला जगभर साधारण एकच पठडी असते: मोझार्टच्या तीन, चार किंवा पाच नंबरच्या कन्चेर्टोची (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राची रचना) पहिली मूव्हमेंट (भाग) आणि ऑर्केस्ट्राचे उतारे. मोझार्टच्या ३९व्या सिम्फनीचा शेवटचा भाग आणि श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान आत्तापासून हातात असावं. उताऱ्यात लोक वेगाच्या मागे लागतात आणि ताल पळतो. परीक्षक आधी ताल ऐकतो, मग सूर, आणि कागदावर ‘पियानो’, म्हणजे हळू आवाजात, लिहिलेलं खरंच हळू वाजतंय का ते बघतो.

आणि कृपा करून तिला व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) शिकवा. त्याचं नोटेशन ज्यात लिहितात तो अल्टो क्लेफ सरावाने काही महिन्यांत वाचता येतो. लग्नाच्या, हॉटेलच्या क्वार्टेटला दोन व्हायोलिन सहज मिळतात, अडतं ते व्हायोलापाशी. वाद्य १५ ते १६ इंचांचं घ्या; हात लहान असेल तर १६च्या वर जाऊ नका, डावा खांदा धरतो.

गजाची_तार
थोडं रागसंगीतही शिकू दे. अरेंजर पुष्कळदा कागद न देता ओळ गाऊन दाखवतो आणि त्यातली मींड एका बोटाने सरकत हवी असते, पोझिशन बदलाचा झटका चालत नाही. फक्त एकाच वाद्यावर रागसंगीताचं सा-प-सा-प आणि वेस्टर्नचं जी-डी-ए-ई असं ट्यूनिंग फिरवत बसू नका. ताण बदलला की तारा स्थिर व्हायला वेळ लागतो, ब्रिजही कलतो. जुनं व्हायोलिन असेल तर ते सा-प-सा-प ट्यूनिंगला ठेवा.

सरस_आणि_खुंटी
पावसाळ्याचं कुणी लिहिलंच नाही. दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, एसी स्टुडिओत त्याच आक्रसून सुटतात. अर्धा तास आधी पोचून व्हायोलिनची पेटी उघडी ठेवा, मग ट्यून करा. बोचे केस दमटपणाने लांबतात. स्क्रू पूर्ण फिरवूनही बो ताणत नसेल तर जबरदस्ती करू नका, रीहेअर करून घ्या, म्हणजे केस बदलून घ्या. कडेचा जोड उघडला तर घाबरू नका. तो सरसाने मुद्दाम हलका चिकटवलेला असतो, लाकूड तडकण्याऐवजी जोड सुटावा म्हणून. घरी फेव्हिकॉल अजिबात लावू नका, पुढच्या वेळी जोड सुटणार नाही, वरची पाटी फाटेल. तारा बदलताना एकेकच बदला. चारही एकदम काढल्या की साउंडपोस्ट (आतली उभी लाकडी काठी) पडतो. ई आणि ए तार जास्तीची जवळ हवीच.

डोंबिवलीहून स्टुडिओंकडे जायला घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी बरं पडतं. गर्दीत पेटी पुढे, छातीशी.

डोंबिवलीचे_बाबा
केवढी माहिती! मनापासून आभार. सा लावून डी फ्लॅटचा रियाज आजच सुरू करतो. पैशांचं कुणी सांगेल का? किती मागायचे, बुडाले तर काय?

हिशेबनीस_पार्ले
आकडा इथे विचारू नका, तिच्याच सेक्शनमधल्या दोघांना विचारा. सिने म्युझिशियन्स असोसिएशनमध्ये सभासदत्वाची आणि दराची चौकशी करा. कोऑर्डिनेटरचा (स्टुडिओसाठी वादक जमवणाऱ्याचा) फोन आला की शिफ्ट किती तासांची, जादा वेळेचे पैसे वेगळे का, पैसे कोण देणार आणि किती दिवसांत, हे त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं आणि ‘ओके’ घ्यायचं. फोनवर ठरलेलं नंतर कुणाला आठवत नाही. बिलात तारीख, स्टुडिओ, प्रोजेक्ट, पॅन आणि बँकेचा तपशील. रक्कम मर्यादेपुढे गेली की १० टक्के टीडीएस कापतात, पॅन दिला नसेल तर २०. रिटर्नमध्ये हातात आलेली नव्हे, बिलाची पूर्ण रक्कम दाखवायची, मग कापलेला कर वजा होतो किंवा परत मिळतो. तारा, रीहेअर, प्रवास यांच्या पावत्या ठेवा, तो खर्च धरता येतो.

लग्नाची कामं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, त्याआधीचे महिने शिकवण्यांवर काढावे लागतात. तेव्हा कामं यायला लागली तरी चार-पाच विद्यार्थी सोडू नयेत. त्यांचे तास सकाळचे ठेवले तर शिफ्टशी कमी भांडतात.