बी६५० मदरबोर्डवर एएम५चे (एएमडीचा प्रोसेसर बसवायचा सॉकेट) पुढचे प्रोसेसर चालतील का? सल्ला हवा

आठपिन:
रायझन ५ ७६००, साधा बी६५० बोर्ड आणि ३२ जीबी डीडीआर५ घ्यायचा विचार आहे. काम व्हिडिओ एडिटिंगचं. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा. दुकानदार म्हणतो, "सॉकेट तोच राहणार, बिनधास्त घ्या." खरंच का? की एलजीए१७०० सॉकेटवर इंटेल घेऊ?

व्हीआरएम_वाला:
एलजीए१७०० या हिशेबात बसत नाही. बारावी ते चौदावी पिढी त्यावर झाली, कोअर अल्ट्रा २०० एलजीए१८५१वर गेले.

एएम५ला २०२७ आणि पुढेही सपोर्ट देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. रायझन ७०००, ८०००जी, ९००० या तिन्ही मालिका बी६५०वर चालतात. पण दुकानदाराचं वाक्य अर्धंच आहे. सॉकेट टिकला म्हणजे तुमच्याच बोर्डाला नवा बायॉस (बोर्ड सुरू करणारं, प्रोसेसर ओळखणारं सॉफ्टवेअर) मिळेल असं नाही. आधीच्या एएम४ सॉकेटवर रायझन ५००० नोव्हेंबर २०२०मध्ये आले; बी३५०, एक्स३७० या जुन्या बोर्डवाल्यांना अधिकृत सपोर्टसाठी २०२२ उजाडलं. शिवाय १६ एमबीच्या बायॉस चिपमध्ये जागा पुरेना, म्हणून काही बोर्डांवर जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढावा लागला. इंटेलकडे तर एच४१० आणि बी४६० बोर्डांवर अकरावी पिढी सॉकेट तोच असूनही चालत नाही.

म्हणून खोक्यावरचं वाचू नका. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी उघडा, बोर्डाची रिव्हिजनही (आवृत्ती) जुळवा. शेवटचा बायॉस कधी आला तेही बघा. वर्षभर काहीच नसेल तर तो बोर्ड सोडा.

व्हीआरएमवर (बोर्डावरचा प्रोसेसरला वीज देणारा भाग) मात्र कंजूषी नको. ६५ वॅटचा प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढतो, १०५चा १४२, १७०चा २३०. आज ७६०० कशावरही चालेल. उद्या १६ कोरचा टाकून तासभर रेंडर लावलात की हीटसिंक नसलेला बोर्ड तापून प्रोसेसरचा वेग खाली आणणार.

आठपिन:
बायॉस फ्लॅशबॅक (पेनड्राइव्हवरून थेट बायॉस अपडेट) बटण नसलेला बोर्ड थोडा स्वस्त मिळतोय. घेऊ?

पेनड्राइव्ह३२:
नको. नवा प्रोसेसर बायॉसने ओळखला नाही तर बोर्ड सुरूच होत नाही, मग अपडेटसाठी जुना प्रोसेसर शोधत फिरा. फ्लॅशबॅकला प्रोसेसर, रॅम काही लागत नाही. पॉवर सप्लायचे २४ पिन आणि ८ पिन कनेक्टर जोडायचे, पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅट, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय तेच, आणि पेनड्राइव्ह खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. यूपीएस असेल तर त्यावरच करा.

त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) सस्पेंड करा, रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एफटीपीएम (बिटलॉकरची किल्ली जपणारी प्रोसेसरमधली सोय) रीसेट झालं की बिटलॉकर तीच मागतो, आणि लोक इथेच अडकतात.

अपडेटनंतर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. ते मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. बोर्ड मेला समजून स्विच बंद करू नका. एक्स्पो (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करावं लागतं.

आणि रॅम १६ जीबीच्या दोनच काड्या घ्या. चार लावल्या की ७००० मालिकेचा अधिकृत वेग ५२००वरून ३६००वर येतो.

आठपिन:
फ्लॅशबॅकवाला घेतो. व्हीआरएमवर दोन्ही बाजूंना हीटसिंक आहेत, यादीत १६ कोरचा ९९५०एक्स आहे.

व्हीआरएम_वाला:
मग चालेल. जुना ७६०० मात्र नवा प्रोसेसर नीट बूट होईपर्यंत विकू नका.