कावळ्याचे घर वाहिलेच नाही : गोष्टीतून शिकवतानाचे अनुभव

निवृत्त_बाई
काल नातवाच्या पहिलीच्या वहीत चिमणी-कावळ्याच्या गोष्टीखाली ‘तात्पर्य : आळस करू नये’ असे लिहिलेले दिसले आणि मला सातारा जिल्ह्यातील माझ्या दोनशिक्षकी शाळेतली जुनी फजिती आठवली. पाण्यात काय विरघळते आणि काय नाही, हे त्या गोष्टीतून दाखवावे म्हणून मी मुलांकडून शेणाचे घर करून घेतले, मेणाचे घरून करून आणले आणि दोन्ही पाटावर मांडून झारीने पाऊस पाडला. शेणाचे घर आम्ही चार दिवस उन्हात वाळवले होते, हे मात्र मी विसरले. एक झारी संपली, दुसरी संपली, पाटावरून तपकिरी ओघळ आले, पण घर काही हलेना. मागच्या रांगेतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, “बाई, आमचं अंगण सारवलेलं असतं, ते कुठं वाहून जातं?” वर्गाने कावळ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मेणाचे घर मी खिडकीत ठेवून दिले, तर मधल्या सुट्टीनंतर पाहते तो उन्हाने त्याचे छप्पर एका अंगाला कलले होते. मग मुलांनीच पुढची गोष्ट रचली : चैत्र आला, चिमणी कावळ्याच्या दारात उभी राहिली, आणि आता आतून “थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे” म्हणण्याची पाळी कावळ्याची होती.

आपल्याही वर्गात किंवा घरात गोष्टीने असा पाठ उलटवला असेल, तर येथे जरूर लिहावे. तात्पर्य लिहू नये.

खानदेशी_मास्तर
बाई, आमच्याकडे अडले ते शब्दावर. धुळे जिल्ह्यातील पहिल्याच शाळेत मी ‘एक म्हातारी होती’ अशी सुरुवात केली आणि पोरे फळ्याकडे पाहावे तशी माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी दारातून सांगितले, “सर, डोकरी म्हना.” डोकरी म्हणताच वर्ग हसला आणि गोष्ट सुरू झाली. पुढे भोपळ्यापाशी पुन्हा खोळंबा झाला, कारण त्यांच्या घरी भोपळा म्हणजे दुधी, आणि चित्रातले लाल गोल फळ म्हणजे गंगाफळ. लांबट दुधीत डोकरी बसणार कशी, यावर पंधरा मिनिटे वाद झाला. मी त्यांना दोन्ही चित्रे काढायला लावली. ज्यांनी दुधी काढला होता, त्यांनी डोकरीला आडवी झोपवली होती.

त्यानंतर प्रत्येक गोष्टीआधी मी मुलांना आधी अहिराणी शब्द विचारून फळ्याच्या डाव्या बाजूला लिहीत गेलो आणि उजवीकडे पुस्तकातला शब्द. वर्षअखेर डावी बाजू मुलेच सांगत आणि उजवीही.

दुसरीची_ताई
मी टोपीविक्याची गोष्ट वजाबाकीसाठी घेतली होती. वर्तमानपत्राच्या वीस टोप्या केल्या. घड्या घालताना आयत, चौकोन, त्रिकोण मुले आपोआप बोलली, ते मी योजलेले नव्हते. मग वर्गातील आठ मुले माकडे झाली. वीसातून आठ गेल्या, बारा उरल्या, इथपर्यंत सारे सुरळीत झाले. टोपीविक्याने टोपी फेकल्यावर माकडांनीही फेकायची होती, पण एका माकडाने टोपी दिलीच नाही. त्याचे म्हणणे होते की खरे माकड परत देत नाही. गणित एकोणीसवर अडले, आणि फळ्यावर मी २० लिहिले होते ते पुसावे लागले.

दोन_लेकरांची_आई
ताई, तो मुलगा बहुधा आमचाच असावा. घरीही घेतलेली वस्तू परत देत नाही.

दुसरीची_ताई
तसे असेल तर ती टोपी अजून आपल्याकडेच असेल, कृपया शोधावी.

रविवारची_शाळा
परदेशात रविवारी भरणाऱ्या मराठी शाळेत मी सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवते. आमच्या मुलांना गोष्ट कळते, पण त्यातला एखादा शब्द अगदी रिकामा असतो. ‘बाळाला तीट लावू दे’ या वाक्यावर तीट म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या रविवारी मी काजळाची डबी नेली आणि कापडी बाहुलीच्या गालावर ठिपका लावला. एकीने विचारले, “हे डास चावल्यावर लावतात का?” मी दृष्ट लागण्याची कल्पना समजावू लागले, तेव्हा दुसरा म्हणाला की चिमणी दार उघडायचे टाळत होती, म्हणून ती मुद्दाम वेळ काढत होती. मला मान्य करावे लागले की लहानपणापासून शंभर वेळा ऐकूनही हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

जुने_पुस्तक
गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले, आणि गोष्ट सांगणे हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे अनुताई वाघ यांना घेऊन १९४५ मध्ये (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डीला आल्या आणि मग कोसबाडला गेल्या, तेव्हा शाळेपर्यंत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी अंगणातच शाळा नेली. वर मास्तरांनी लिहिलेले दुधीत आडव्या झोपलेल्या डोकरीचे वर्णन वाचताना मला तेच आठवले : पाटी, पुस्तक, साहित्य नंतर, आधी मुलांच्या अंगणातले काय आहे ते पाहणे. आज निपुण भारतच्या (पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या अभियानाच्या) तक्त्यात वाचनाचे टप्पे भरताना या गोष्टीला रकाना नसतो, ही माझी खंत आहे.

खानदेशी_मास्तर
रकाना नसला तरी सर, ‘श्रवण व भाषण’ या रकान्यात मी अशी सगळी भांडणे भरत असे.

कागदकाम_आवडते
विषयाला थोडे सोडून लिहिते, क्षमस्व. मुखवटे चिकटवायला मी बाजारचा डिंक न वापरता मैद्याची खळ करते, पण ती दुसऱ्या दिवशी आंबते. पूर्वी पुस्तक बांधणारे त्यात मोरचूद घालत असत, तसे करावे काय?

निवृत्त_बाई
मुळीच करू नये. मोरचूद विषारी असते आणि पहिलीची मुले खळ बोटाने चाटून पाहतात. मी स्वतः त्यांना चाटताना पकडलेले आहे. दोन चमचे मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, आणि त्या दिवसापुरतीच खळ करावी.

हजेरीचा_कावळा
माझ्या वर्गात एक मुलगा जूनपासून एक शब्द बोलला नव्हता. जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या तेव्हा त्याने काळा मोजा उचलला आणि संपूर्ण गोष्टीत फक्त “काव” म्हणाला. दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याचे नाव घेताच त्याने दप्तरातून मोजा काढून हातात चढवला आणि “काव” केले. पंधरा दिवस मी त्याला त्यावर हजर लावले. सोळाव्या दिवशी मोजा घरी धुवायला टाकला होता, म्हणून “हजर” म्हणणे त्याला भाग पडले.

दोन_लेकरांची_आई
टोपी सापडली, पलंगाखाली होती. बाई, एक विचारायचे राहिले, ते मेणाचे घर आपण केले कसे? लेकीला करून हवे आहे.

निवृत्त_बाई
वीज गेल्यावर वापरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे जमवावेत आणि ते मोठ्या माणसाने, मुले जवळ नसताना, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावेत. तेल लावलेल्या ताटात पातळ थर ओतावा आणि अर्धवट गोठल्यावर सुरीने चार भिंती व दोन छपरे कापावीत. कडा जोडायला थोडे वितळलेले मेण पुरते. दार मात्र कापून ठेवावे. मी विसरले होते, आणि चिमणी आत गेली कुठून, हे मला वर्गात सांगता आले नाही.