मदत हवी आहे: स्वाधार योजनेच्या पैशांत मुंबईत खोली

मुलगा लातूर जिल्ह्यातला, अनुसूचित जाती, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. माटुंग्याला इंजिनीअरिंगला प्रवेश झालाय. शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरलाय. नंबर नाही लागला तर स्वाधारवर (वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना राहण्या-जेवणासाठी मिळणारी सरकारी मदत) भागेल का? चौघांत खोली घेतली तर करार कुणाच्या नावावर करायचा?

कुर्लाकर:
पुरं भागणार नाही, टेकू मिळेल. मुंबईसाठी वर्षाला ६०,००० : भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. इंजिनीअरिंगला साहित्याचे वर ५,०००. निवासाचे दहा महिन्यांवर पसरले की महिना २,०००. तेवढ्यात इथे कॉटसुद्धा मिळणं मुश्कील. पैसे हप्त्यांनी येतात, हजेरी ७५ टक्के लागते. डिपॉझिट आणि सुरुवातीचं भाडं खिशातूनच धरा. वसतिगृहात नंबर लागला तर डोळे झाकून घ्या, राहणं-जेवण फुकट.

करारात चौघांची नावं घाला, आधारवर आहेत तशीच, स्पेलिंगसकट. करार एकाच्या नावावर असला की बाकी तिघांकडे राहण्याचा पुरावाच उरत नाही आणि अर्ज त्रुटीत जातो. ११ महिने, भाडं २०,०००, परत मिळणारं डिपॉझिट ५०,००० धरलं तर पाव टक्क्याने स्टॅम्प ड्युटी सहाशेच्या आत, नोंदणी फी १,०००. एजंटची फी वेगळी, ती आधी ठरवा. घरमालक ‘नोटरी पुरे’ म्हणाला तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार नोंदवणं ही मालकाचीच जबाबदारी.

धागाकर्ता:
धन्यवाद. बँकेत आधार लिंक आहे, तेवढं चालेल ना?

कुर्लाकर:
नाही! लिंक वेगळं, सीडिंग वेगळं. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे याची आधारशी जोडलेली नोंद. डीबीटीचा (सरकारकडून थेट खात्यात येणारा) पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, शेवटचं सीडिंग झालेल्या खात्यात जातो. कॉलेजबाहेर छत्री टाकून बसलेल्यांकडे एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं, अंगठा दिला, की सीडिंग गुपचूप तिकडे सरकू शकतं. माय-आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून बँकेचं नाव बघा. दुसरीच बँक दिसली तर आपल्या शाखेत डीबीटीचा संमती फॉर्म भरा.

चेंबूर_पूर्व:
आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच हवा, मुदत संपलेला नको. गावाहून निघण्याआधी तारीख बघा, नाहीतर त्या एका कागदासाठी लातूर एक्सप्रेसचं तिकीट काढावं लागेल.